पाच तासाचं नाटक पेनड्राइव्हमधी बसवलं की तोंडं पुसट होते, एक्सपोर्टमधी नेमकं काय पायजे?

वडसा_शूटर

नमस्कार मंडळी. मी वडशाकडचा, धानाचं काम सरलं की शूटिंग करतो. लग्न, वाढदिवस असतेच पन दिवाळीनंतर मंडईचा (गावजत्रेचा) सीझन लागला की नाटकं जास्त. आता एका मंडळानं पूर्ण नाटक शूट करून मागितलं, त्याइले कलाकाराइले वाटायले १६ जीबीचे पेनड्राइव्ह पायजे आनि घरच्या टीव्हीले लावलं की सरळ चाललं पायजे. नाटक रात्री साडेदहाले सुरू झालं थे पहाटेपर्यंत, आभाराचे भाषणं, पडदा बदलायचा वेळ काढून पाच तास उरते. कॅमेऱ्याच्या ओरिजिनल फायली ५४ जीबी. थ्या टीव्हीवर लावल्या तर झकास दिसते. पन एडिट करून एक्सपोर्ट केलं का तोंडं पुसट, अंधाराच्या सीनमधी मागच्या पडद्यावर चौकोन चौकोन नाचते, नायकानं हात जोरात हलवला का बोटाच्या बाजूले कंगव्यासारके दाते दिसते आनि लाल लाइट पडला का सगळा रंग वाहून गेल्यासारका. बिटरेट (सेकंदाले किती डेटा) वाढवून पाह्यला तर फाइल फुगते पन तोंड तसंच्या तसं पुसट, हेच समजून नाही रायलं. रिझॉल्व्ह म्हून एडिटिंगचं सॉफ्टवेअर आहे, त्याचं फ्री व्हर्जन वापरतो, लॅपटॉप आय५, ८ जीबी रॅम, विंडोज. क्वालिटी ऑटोवर ठेवतो. कोनी सांगन का, मंडळाचा माणूस रोज फोन करून रायला.

पटाचा_शौकीन

एच.२६५ मधी (व्हिडिओ दाबायची नवी पद्धत) काढ ना भाऊ, निम्म्या साइजमधी तेवढीच क्वालिटी येते. मी शंकरपटाचे (बैलाच्या शर्यतीचे) व्हिडिओ तसेच काढतो, धुरळा, बैल, पब्लिक सगळं क्लिअर. आनि एक्सपोर्टच्या आधी शार्पनेस थोडा चढवून दे, तोंडं उठून दिसते.

उमरेडची_एडिटर

दादा, दोन्ही सल्ले याच्या कामाचे नाहीत, राग मानू नका. एच.२६५ चांगलं आहे, २०१३ पासून आहे, पण फाइल कलाकारांच्या घरी जाणार आहे आणि खेड्यात टीव्ही कोणाकडे कोणता असेल काय सांगता. जुन्या टीव्हीत ते चालतच नाही, नुसता आवाज येतो नाहीतर फॉरमॅट सपोर्ट नाही म्हणून पाटी येते. वाटायची फाइल जुन्या एच.२६४ पद्धतीचीच पाहिजे. तुम्ही पटाचे व्हिडिओ मोबाइलवर पाहता म्हणून तुम्हाला अडचण आली नसेल.

आणि शार्पनेस तर अजिबात नको, रात्रीच्या फुटेजमध्ये जे दाणे दाणे असतात ते सगळे शार्प होतात, मग एन्कोडर (दाबणारा प्रोग्राम) बिचारा ते दाणे सांभाळण्यातच सगळा बिटरेट खर्च करतो आणि चेहऱ्याला काही उरत नाही.

वडसावाले भाऊ, बिटरेट वाढवला तरी चेहरा तसाच पुसट राहतो ना, म्हणजे तो पुसटपणा कॉम्प्रेशनच्या आधीच टाइमलाइनवर तयार झालेला आहे. मला हे सांगा, कॅमेरा कोणत्या मोडवर होता, टाइमलाइन सेकंदाला किती फ्रेमची (चित्रांची) आहे, आणि मध्ये मोबाइलचे क्लिप टाकले का? बोटाला दाते दिसतात म्हणता त्यावरून मला अंदाज आलाच आहे.

वडसा_शूटर

ताई, कॅमेरा जुना हँडीकॅमवाला आहे, एव्हीसीएचडी, १९२० बाय १०८०, ५०आय लिहून येते, २४ एमबीपीएस (सेकंदाले मेगाबिट). टाइमलाइन ३० ची आहे कारन पयले मोबाइलवरचा टायटलचा क्लिप टाकला तर सॉफ्टवेअरनं इचारलं बदलू का, हो म्हनलं. मंग कॅमेऱ्याचे क्लिप टाकले तर झटके येत होते म्हून रिटाइममधी फ्रेम ब्लेंड केलं, झटके गेले.

रेंडर_रात्रभर

झटके गेले आणि चेहरे पण गेले :)

बरं आता नीट ऐक, कारण तुझ्या प्रॉब्लेमचे तीन वेगवेगळे तुकडे आहेत आणि तू सगळ्याचं खापर बिटरेटवर फोडून राहिला.

पहिला तुकडा ५०आय. तुझा कॅमेरा सेकंदाला २५ पूर्ण चित्रं घेत नाही, ५० अर्धी चित्रं घेतो, एकदा विषम ओळी एकदा सम ओळी, प्रत्येकी ५४०. दोन अर्ध्या चित्रांमध्ये एक पन्नासांश सेकंदाचं अंतर असते, तेवढ्यात नायकाचा हात पुढे गेलेला असते, म्हणून दोन्ही अर्धे एकत्र केले की दाते दिसतात. टीव्ही कॅमेऱ्याची ओरिजिनल फाइल चालवताना हे स्वतःच दुरुस्त करून घेतो म्हणून तुला ती झकास दिसली. तुझ्या एक्सपोर्टमध्ये ते दाते चित्रातच छापल्या गेले, आता टीव्हीला काय कळणार ते दाते आहेत की धोतराची किनार.

दुसरा तुकडा ३० ची टाइमलाइन. २५ चे ३० करायचे म्हणजे दर सेकंदाला पाच चित्रं जास्तीची आणायची कुठून? फ्रेम ब्लेंड काय करते, शेजारची दोन चित्रं एकमेकांवर पुसट करून ठेवते. हिशोब लावून पाहा, सहा फ्रेममधली फक्त एक फ्रेम खऱ्या चित्रावर पडते, बाकी पाच दोन चित्रं एकावर एक. मग ८ एमबीपीएस दे की ८० दे, तो पुसट चेहराच इमानदारीनं जपून ठेवला जाईल. लग्नात लोकं उभे असतात, फोटो काढत असतात, लक्षात येत नाही. नाटकात माणूस सतत हलते.

काय करायचं: रिझॉल्व्हमध्ये क्लिप टाकल्यावर प्रोजेक्टचा फ्रेमरेट बदलत नाही, पण नवीन टाइमलाइन बनवताना 'यूज प्रोजेक्ट सेटिंग्ज'चा टिक काढून २५ ची टाइमलाइन बनवता येते. जुन्या टाइमलाइनवरचं एडिट उचलून त्यात नुसतं पेस्ट करू नको, कट एखाद-दोन फ्रेम इकडेतिकडे सरकतात, एकदा पाहून घे. कॅमेऱ्याचे सगळे क्लिप सिलेक्ट करून डीइंटरलेस (अर्ध्या चित्रांचं पूर्ण चित्र) कर, तुझ्या व्हर्जनमध्ये क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये ते चालू होत असेल तर तिथे, नाहीतर शेवटी दाबताना हँडब्रेकमध्ये, रिटाइम परत नीअरेस्टवर (ब्लेंड न करता जवळचीच फ्रेम) आण. मोबाइलचा टायटलचा क्लिप ३० चा असू दे, टायटलला झटका लागला तर कोणी मरत नाही.

तिसरा तुकडा अंधारातले चौकोन, तो खरा कॉम्प्रेशनचा. ते उमरेडवाल्या ताईंना येते, त्यांनी सांगावं, माझा जेवणाचा टाइम झाला.

उमरेडची_एडिटर

सांगते. हे सगळे कोडेक (एच.२६४ सारख्या दाबायच्या पद्धती) प्रत्येक फ्रेम पूर्ण ठेवत नाहीत. एक पूर्ण फ्रेम ठेवतात आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय हललं, काय बदललं तेवढंच लिहून ठेवतात. म्हणून पाठीमागचा पडदा, राजवाड्याचा सीन, खांब हे जवळपास फुकटात मिळतात, बदलतच नाहीत ना. पण स्टेजवर उजेड कमी, कॅमेरा ऑटोवर, त्यानं गेन (उजेडाची कृत्रिम वाढ) चढवला की चित्रात दाणे येतात आणि ते दाणे दर फ्रेमला नव्या जागी असतात. एन्कोडरला वाटते पूर्ण पडदाच बदलला. धान उफणल्याशिवाय पोत्यात भरलं तर पोतं कोंड्यानंच भरते, तसं होते हे. चेहऱ्यासाठी ठेवलेला बिटरेट पडद्याचे दाणे खातात, आणि तरी पुरत नाही म्हणून मग शेवटी चौकोन.

म्हणजे आधी दाणे काढायचे, मग दाबायचं. आता अडचण अशी की रिझॉल्व्हच्या फ्रीमध्ये नॉइज रिडक्शन मिळत नाही, ते पैसेवाल्या स्टुडिओमध्ये आहे. म्हणून मी काय करते, रिझॉल्व्हमधून मोठी फाइल काढते आणि शेवटचं दाबण्याचं काम हँडब्रेकमध्ये करते, ते फुकट आहे. रिझॉल्व्हमधून डीएनएक्सएचआर एसक्यू (कमी दाबलेला, एडिटिंगचा फॉरमॅट) काढलं तर १०८०, २५ फ्रेमला साधारण १२० एमबीपीएस लागतात, म्हणजे तासाला ५४ जीबी. एवढी डिस्क नसेल तर एच.२६४ च काढा पण ५० एमबीपीएसला, तासाला साडेबावीस जीबी. पूर्ण नाटक एकदम काढूच नका, एक अंक काढा, दाबा, पाहा, मोठी फाइल उडवा, पुढचा अंक. आमच्याकडे लाइन कधी जाईल सांगता येत नाही आणि अर्धवट राहिलेली एमपी४ उघडतच नाही, शेवटी इंडेक्स लिहायचा राहून जाते. चार तास झाले आणि लाइन गेली तर रडायची पाळी येते.

हँडब्रेकमध्ये फिल्टर्समध्ये डीनॉइज (दाणे काढायचं) आहे, त्यात दोन पद्धती. एनएलमीन्स जास्त चांगलं पण तुमच्या आय५ वर ते फार सावकाश चालेल, एचक्यूडीएन३डी घ्या आणि लाइटवरच ठेवा. मीडियम, स्ट्राँग केलं की कलाकारांची तोंडं मेणाची होतात, मेकअप आधीच जाड असते त्यात. डीइंटरलेस रिझॉल्व्हमध्ये केलं असेल तर इथे बंद करा, दोनदा नको.

हिशोबी_मास्तर

साइजचा हिशोब कोणी सांगितला नाही, तो मी मांडतो. फाइलचा साइज म्हणजे बिटरेट गुणिले सेकंद भागिले ८. आठनं भागायचं कारण बिटरेट बिटमध्ये आणि फाइल बाइटमध्ये, इथे बरेच जण गडबडतात. रिझोल्यूशन, कोडेक, प्रीसेट यांचा या गणितात काहीच संबंध नाही, ते फक्त तेवढ्या साइजमध्ये चित्र कसं दिसेल ते ठरवतात.

पाच तास म्हणजे १८००० सेकंद. १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर थोडी जागा सोडून १४ जीबी धरा. चित्राला ६ एमबीपीएस, आवाजाला ०.२ धरा, झाले ६.२. गुणिले १८०००, भागिले ८, तर १३९५० एमबी. बसलं. २५ फ्रेम, दाणे काढलेले, कॅमेरा स्टँडवर, मागचा सीन स्थिर, अशा मालाला १०८० मध्ये ६ चांगले पुरतात. शंकरपटाला पुरणार नाहीत, तिथे पूर्ण फ्रेम पळत असते आणि वरून धूळ.

दुसरी गोष्ट. बरेच टीव्ही पेनड्राइव्ह फॅट३२ (फॉरमॅट करायची जुनी पद्धत) असला तरच वाचतात, आणि फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. ६.२ च्या हिशोबानं ९० मिनिटं म्हणजे ४१८५ एमबी, ते काठावर बसतात. म्हणून नाटक सव्वा सव्वा तासाच्या चार फायलीत तोडा, अंक संपतो तिथे किंवा लावणीच्या आधी. फायलींची नावं ०१, ०२ अशी सुरू करा नाहीतर टीव्ही तिसरा भाग आधी लावतो आणि नायिका मेल्यावर लग्न होते.

रेंडर_रात्रभर

मास्तर एक नंबर 😂

जेवून आलो. हँडब्रेकमध्ये क्वालिटीच्या जागी दोन पर्याय दिसतील. एक कॉन्स्टंट क्वालिटी, त्यात आरएफ नावाचा सरकवायचा दांडा, आकडा जेवढा कमी तेवढं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. एच.२६४ ला २० ते २२ चांगला असते. पण त्यात साइज किती होईल ते आधी कळत नाही, अंधाराचा अंक जास्त खाईल, उजेडाचा कमी. घरी जपून ठेवायची कॉपी काढायची असेल तर हेच वापर. पेनड्राइव्हसाठी दुसरा, ॲव्हरेज बिटरेट, ६००० टाक आणि मल्टी पास चालू कर. पहिल्या फेरीत तो नुसता पाहून घेते कुठे गडबड जास्त आहे कुठे कमी, दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे वाटून देते. नायक एकटाच दिव्यासमोर बसून रडतो तिथलं वाचवून लावणीला देते. वेळ जास्त लागते, लागू दे, झोपताना लाव.

प्रीसेट (किती सावकाश, नीट दाबायचं) स्लो. प्रोफाइल हाय, लेव्हल ४.१, जुन्या टीव्हीला ते झेपते. कोणी ५० फ्रेम कर म्हणेल तर ते ४.२ मध्ये जाते आणि ६ एमबीपीएस त्याला कमी पडतात, तू २५ वरच राहा. आवाज एएसी १९२.

आणि अंधारासाठी एक युक्ती, खाली ॲडव्हान्स्ड ऑप्शनचा रिकामा डबा आहे, त्यात इंग्रजीत एक्यू, मधात आडवी रेघ, मोड, बरोबरचं चिन्ह आणि ३ असं टाइप कर. एन्कोडर नेहमी अंधाऱ्या भागावर कंजुषी करते, याने तिथे थोडे जास्त बिट देते. जंगलातल्या सीनचा मागचा पडदा आणि स्मोक मशीनचा धूर, इथे लगेच फरक दिसते.

अकोल्याचा_पोट्टा

म्या त इंटेलच्या क्विक सिंकवर (चिपमधलाच झटपट एन्कोडर) मारतो एक्सपोर्ट, घंट्याचं काम दहा मिन्टात. कायले रातभर लॅपटॉप तापवता बाप्पा.

रेंडर_रात्रभर

घाई असली तर मीच मारतो भाऊ तसं, साक्षगंधाचा व्हिडिओ त्याच दिवशी स्टेटसला पाहिजे असते तेव्हा. पण तेवढ्याच बिटरेटला सॉफ्टवेअरवालं स्लो प्रीसेट जास्त साफ देते. बिटरेट १५-२० असता तर फरक कोणाला दिसला नसता, ६ मध्ये दिसते. त्यात मल्टी पास पण मिळत नाही. एकदा तापू दे लॅपटॉप, हिवाळाच आहे. ब्रह्मपुरीच्या मे महिन्यात मीही सांगणार नाही.

वडसा_शूटर

मंडळी, ईश्वरानं भेटवले तुम्ही. २५ ची टाइमलाइन करून, डीइंटरलेस करून पयले दोन मिंटाचाच तुकडा काढून पाह्यला, सर्वात बेक्कार सीन घेतला, जंगलातली मारामारी. दाते साफ गेले. तोंड अशे दिसते का गालावरची पावडर मोजून घ्या. डीनॉइज लाइटवर ठेवलं, पडद्यावरचे चौकोन लय कमी झाले, अगदी काळ्या कोपऱ्यात पाह्यलं तरच थोडेसे दिसते. आता पूर्ण अंक लावतो रात्री.

दोन गोष्टी राह्यल्या. मंडळवाल्याइले व्हॉट्सॲपवर तुकडा पाठवाचा आहे आनि यूट्यूबवर बी टाकाचं म्हनते. आनि लाल लाइट अजून बी वाहूनच रायला, खलनायक आला का तोंडाचं नाकडोळे काही समजत नाही, नुसता लाल गोळा.

उमरेडची_एडिटर

अगदी बरोबर केलं, नेहमी सर्वात वाईट सीनच आधी काढून पाहायचा.

व्हॉट्सॲपला व्हिडिओ म्हणून टाकला की तो पुन्हा दाबला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून जोडा, तसं पाठवलं की फाइल आहे तशी पोचते, २ जीबीपर्यंत चालते. पण गावातल्या नेटचा विचार करा, दोन मिनिटांचा तुकडा ७२० मध्ये २ एमबीपीएसला काढला तर ३० एमबीच होते आणि मोबाइलच्या एवढ्याशा काचेवर कोणाला काही फरक कळत नाही.

यूट्यूबवर पेनड्राइव्हवाली फाइल मात्र टाकू नका. यूट्यूब काहीही टाकलं तरी स्वतः पुन्हा दाबते, आधीच दाबलेलं परत दाबलं की दोन्हीचे डाग एकत्र होतात. १०८० ला २५-३० फ्रेमसाठी ते ८ एमबीपीएस सांगतात, मी दुप्पट देते. म्हणजे मोठ्या फाइलवरून, डीनॉइज करून, १६ एमबीपीएसला दहा मिनिटांचा तुकडा, १.२ जीबी होते. अपलोड तालुक्याला गेलात तर तिथून करा. काही जण १०८० चं १४४० करून टाकतात कारण मग यूट्यूब त्याला जास्त बिटरेट देते, पैसा वसूल होते त्यात, पण तुमचा लॅपटॉप पाहता मी तरी सांगणार नाही. आणि मंडळाला विचारून टाका, लेखकाची परवानगी, संगीताचा क्लेम, तो वेगळा ताप आहे. ज्याचं पुढच्या महिन्यात पन्नास ठिकाणी बुकिंग आहे ते नाटक पूर्ण टाकूच नका, तिकीट कोण काढेल मग.

लाल लाइटचं मास्तर सांगतील, त्यांना गणित आवडते.

हिशोबी_मास्तर

आवडते खरं :)

या सगळ्या व्हिडिओत, अगदी तुमच्या कॅमेऱ्यापासूनच, उजेड आणि रंग वेगवेगळे ठेवतात. उजेड १९२० बाय १०८० पूर्ण, रंग मात्र ९६० बाय ५४०, म्हणजे चार ठिपक्यांत मिळून एक रंग. डोळ्याला रंगातली बारकाई कमी कळते म्हणून ही काटकसर. नाकडोळे आपल्याला उजेडामुळे दिसतात. आता एचडीमध्ये उजेडाचं माप काढताना हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा फक्त ७. नुसता लाल एलईडी पार तोंडावर मारला तर उजेडाच्या खात्यात फारच थोडं जमा होते, सगळं रंगाच्या खात्यात, आणि तिथे चार ठिपक्यांत एक. वरून कॅमेऱ्याचा लाल भाग ओव्हर होऊन सपाट झालेला असते. निळ्याला तर अजून वाईट.

हे एक्सपोर्टमध्ये दुरुस्त होत नाही, कितीही बिटरेट द्या. सध्याच्या फुटेजमध्ये लालचं सॅच्युरेशन थोडं उतरवून पाहा, गोळ्यातून नाक थोडं बाहेर येईल. पुढच्या प्रयोगाला मात्र शूटिंगच्या आधी लाइटवाल्याला भेटा. लाल असू दे म्हणा, खलनायकाला लाल पाहिजेच, फक्त एका बाजूनं एक वॉर्म व्हाइट मंद सोड, पब्लिकला कळत पण नाही आणि कॅमेऱ्याला चेहरा मिळते. शटर १/५० वर पक्का करा, नाहीतर एलईडीचे पट्टे येतात. गेनला लिमिट लावायची सोय मेनूत असेल तर लावा, चित्र थोडं काळं आलेलं चालते, दाणेदार नको.

वडसा_शूटर

लाइटवाला आमच्याच गावचा आहे, ऐकते तो. पुढचा प्रयोग आरमोरीकडे आहे, तिथं करून पाह्यतो.

पटाचा_शौकीन

मास्तर, पटाला मंग किती बिटरेट ठेवू थे बी सांगा. आनि ताई, शार्पनेस काढून टाकला बरं का मी.

हिशोबी_मास्तर

मोबाइल ५०-६० फ्रेमवर चालवता ना? १०८० ६० फ्रेमला यूट्यूब १२ सांगते, धूळ आणि पळणारी पब्लिक धरून मी २० देईन. पटाचा एक दाव काही सेकंदांचाच, साइजची चिंता कशाला.